जागतिक पेटंटची शाल

आमच्या इंदिरानगरच्या घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, एक शाल कित्येक वर्षं तिच्या मूळ प्लास्टिकच्या पिशवीतच पडून होती. सत्कारात मिळालेली, मरून रंगाची, काठाला बारीक जर. नाशकातली थंडी काही थट्टेवारी नेण्यासारखी नाही; जानेवारीत सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. तरी ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती शाल कधी अंगावर घेतली नाही. कोपरावर विरलेल्या स्वेटरात कुडकुडत चहा प्यायचे. मी म्हणायचे, "अहो, ती शाल काढा की." हे म्हणायचे, "ती अजून माझी नाही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे शाल नुसती दिसली तरी माझं डोकं उठायचं. मला मुळात वाट बघणं जमत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी दोनदा ओट्यापाशी जाऊन येते. बस दिसत नसली की पुढच्या थांब्यापर्यंत चालत सुटते, आणि बस मधल्या रस्त्यात मला मागे टाकून निघून जाते. अशा बाईला देवाने नवरा दिला तो वाट बघण्याचाच धंदा केल्यासारखा. त्यांच्या वाट बघण्यात मीही ओढली गेले, आणि ती सगळी वर्षं मी घरातल्या घरात नुसत्या येरझारा घातल्या असं आता वाटतं.

हे अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. टूलरूमचं काम म्हणजे अशा वस्तू करायच्या, ज्या वापरून दुसरं कोणी काहीतरी बनवतं आणि त्यावर तिसऱ्याचं नाव लागतं. ह्यांना त्याचं वाईट वाटायचं, पण बोलून दाखवायचे नाहीत. मला वाटायचं आणि मी बोलायचे. मी शाळेत भूगोल शिकवत होते. बोलण्याचाच पगार घेत होते.

माझं माहेर दिंडोरीचं. थोरल्या भावाची, दादाची, तिथे द्राक्षबाग. ऑक्टोबरची छाटणी होऊन घड निघाले की बागेत डिपिंग चालतं. मणी लांबावेत, फुगावेत म्हणून जीए नावाच्या औषधाचं पाणी करतात आणि एकेक घड मगात बुडवून काढतात. अख्ख्या बागेतला एकेक घड. पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, त्यांत बाया जास्त. हात सारखा वर धरलेला. घड बुडवला की औषध मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि तिथून ब्लाउजच्या बाहीत शिरतं. म्हणून बाया हाताला दुधाच्या रिकाम्या पिशव्या सुतळीने बांधून घेत. मी लहानपणापासून ते बघत आले होते, म्हणून मला ते दिसतच नव्हतं. ह्यांना दिसलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दिवाळीनंतर बागेत गेलो होतो, आणि हे जेवायला यायचं सोडून बांधावर बसून त्या पिशव्या बघत राहिले.

त्यातून तो मग निघाला. दोन फाळ्यांचा, बिजागरीचा, डबा उघडावा तसा उघडणारा. घडाभोवती मिटायचा, खटका दाबायचा, पाठीवरच्या टाकीतून औषध येऊन घड भिजायचा आणि मग उघडण्याआधी उरलेलं औषध नळीने परत टाकीत जायचं. थेंब बाहेर नाही. ऐकायला सोपं आहे. आमच्या स्वयंपाकघराला विचारा. औषधाऐवजी हे हळदीचं पाणी वापरायचे, म्हणजे घडाला कुठे लागलं, कुठे नाही ते कळावं. त्या सबंध हंगामात आमच्या टाइल्स पिवळ्या, माझा ओटा पिवळा, आणि घरात येईल त्याला मी हळदीची द्राक्षं धुऊन खायला घालत होते. एकदा खटका अडकला आणि छतापर्यंत पिचकारी गेली. मी इतकी भडकले, की हे दोन दिवस गच्चीवर जाऊन प्रयोग करत होते.

पण मग दादाच्या बागेत तो चालला. एका बाईने दोन ओळी संपवल्या, हाताची पिशवी सोडली आणि म्हणाली, "साहेब, हात कोरडा ऱ्हातो." एवढंच. हे घरी येऊन तेच वाक्य आठवडाभर म्हणत होते, दाढी करतानासुद्धा.

दादा म्हणाला, "दाजी, ह्याचं पेटंट घ्या. नायतर पुढच्या साली पिंपळगावात ह्याची कॉपी आलीच समजा."

पेटंटचं काम पुण्याच्या एका एजंटबाईंकडे दिलं. तरुण, चटपटीत, फोनवर भरभर बोलणाऱ्या. आधी मुंबईच्या पेटंट ऑफिसात भारतापुरता अर्ज झाला. मग वर्ष संपायच्या आत त्यांनी सुचवलं, की आंतरराष्ट्रीय अर्जही करून टाकू; त्या एका अर्जाने शंभराच्या वर देशांची दारं उघडी राहतात. ह्यांनी त्यातले 'शंभराच्या वर देश' तेवढे ऐकले. दारं पुण्यातच राहिली.

काही महिन्यांनी टपालाने ते छापील पुस्तक आलं. डोक्यावर गोल बोधचिन्ह, लांबलचक नंबर, त्याच्या सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, खाली ह्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि त्याखाली मगाचं चित्र. ह्यांनी हात धुतले, मग पुस्तक हातात घेतलं. मी त्याला हळदकुंकू वाहून देवापुढे ठेवलं. माझ्या नवऱ्याचं नाव एवढ्या मोठ्या कागदावर पहिल्यांदाच बघत होते. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. ह्यांनी दादाला फोन केला, "जागतिक पेटंट झालं!" आणि अर्ध्या तासात ते अख्ख्या दिंडोरीला माहीत झालेलं होतं.

आमच्या भागात आनंदाची बातमी कळली, की माणूस पहिलं काय करतो? पासपोर्ट साइज फोटो मागतो. दादाने मागितला. आठवडाभरात दिंडोरीच्या चौकात फ्लेक्स लागला: 'आमचे दाजी यांना जागतिक पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे डझनभर गोल फोटो, त्यांतले तिघे गॉगल लावलेले. त्यांत दाजी शोधावे लागत होते. बागाईतदारांच्या गटाने सत्कार ठरवला, मंडप ठरला, सूत्रसंचालक ठरला.

इकडे ह्यांनी मला शाळेतून जगाचा नकाशा आणायला सांगितला. त्या छापील पुस्तकाची पानं त्यांनी चाळली होती. तिथे देशांची नावं दोन-दोन अक्षरांत छापलेली होती, एकामागून एक, दाट. कोणता देश कुठला ते मी सांगायचं. मला तर उत्साहच. माझ्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि जिथे द्राक्ष पिकतं त्या त्या देशावर एकेक लाल टिकली लावली: चिली, दक्षिण आफ्रिका, स्पेन, इटली, ऑस्ट्रेलिया. हे चिलीवरून बोट फिरवत म्हणाले, "किती लांबडा आहे गं. ह्याला बागा पुष्कळ असतील."

टिकल्या लावता लावता मला कसलीतरी टोचणी लागली. त्या यादीत जिथे द्राक्षाचा वेल कोणी पाहिला नसेल असे देश होते. एकमेकांवर तोफा रोखून बसलेले देश शेजारी शेजारी होते. ज्यांचं आपापसात हद्दीवर, पाण्यावर, माशांवर कशावर एकमत होत नाही, त्या सगळ्यांचं माझ्या नवऱ्याच्या मगावर झालं? आणि आमच्या घरी एक पत्रही न पाठवता? मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." ते खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसले की मला झोप लागत नाही.

सत्काराचा दिवस शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर घरी जायचं सोडून मी शाळेबाहेरच्या पीसीओत शिरले आणि पुण्याला एजंटबाईंना फोन लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मॅडम, ह्यांचं पेटंट नक्की किती देशांत झालंय?" मी विचारलं.

"कुठेच नाही अजून."

"मग ते पुस्तक?"

"तो तुमचा अर्ज आहे. छापून सगळ्या जगापुढे ठेवलाय, एवढंच. वर 'अर्ज' असंच लिहिलंय, बघा. जागतिक पेटंट अशी वस्तूच नाही, मॅडम. पेटंट देतो तो एकेक देश. ह्या अर्जाने सगळीकडे रांगेतली तुमची जागा धरून ठेवली. आता मुदतीच्या आत तुम्हाला हव्या त्या प्रत्येक देशात जायचं, तिथला वकील धरायचा, तिथला तपासनीस तपासणार, हरकती काढणार. त्याला पटलं तर त्या देशाचं पेटंट. मुदतीत गेला नाहीत, तर त्या देशातली जागा गेली."

"आणि आपल्या देशात?"

"भारतातला अर्ज वेगळा आहेच. त्याची तपासणी आपल्याला मागावी लागेल. तिथेही अजून काही मिळालेलं नाही. पण काळजी करू नका, शोध-अहवाल चांगला आलाय, असा मग आधी कोणी केलेला दिसत नाही." मग जरा अवघडून म्हणाल्या, "मी सरांना हे सगळं सांगितलं होतं हं."

मी फोन ठेवला आणि पीसीओवाल्याला पैसे द्यायचे विसरून चालू लागले. त्याने हाक मारली. जग नावाचा देश नसतो, हे मी इतकी वर्षं मुलींना शिकवत होते. नकाशावर रंग असतात ते देशांचे, जगाचा वेगळा रंग नसतो. माझ्याच घरात मात्र बाजारात तुरी नि भट भटणीला मारी असं चाललेलं, आणि संध्याकाळी पाच वाजता त्या तुरीचा सत्कार होता.

घरी आले तर हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करत बसलेले. तोंडातल्या तोंडात गाणं. मला सांगवेना. सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "ती बटणं नीट लावा." स्कूटरवर मागे बसले. म्हसरूळ गेलं, सांगू म्हटलं, ट्रक आला. पुढे रस्ता मोकळा होता तर वाऱ्याने बोलणं ऐकू जाईना. ढकांब्याला चहाच्या टपरीशी मी ह्यांच्या खांद्यावर थाप मारून स्कूटर थांबवली.

उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. हे ऐकत होते. हातातला चहा गार झाला, साय धरली.

"म्हणजे सुपारी फुटलीय नुसती," ते शेवटी म्हणाले. "लग्न नाही लागलं."

"आणि एका घरी लागलं म्हणून दुसऱ्या घरी लागत नाही. प्रत्येक घरी वेगळं."

"बाई सांगत होत्या गं," ते म्हणाले. "मी ऐकूनच घेतलं नाही." मग म्हणाले, "परत जायचं का?"

"दादाने मंडप घातलाय. माणसं आली असतील." माझा आवाज चढला, टपरीवाला बघायला लागला. ह्यांच्यावर चिडले होते, एजंटबाईंवर चिडले होते, सगळ्यांत जास्त त्या फ्लेक्सवर चिडले होते. ह्यांनी चहा ओतून दिला, ग्लास धुऊन ठेवला आणि स्कूटरला किक मारली.

मंडप भरलेला होता. पहिल्या रांगेत टोप्या, मागे बागेतले मजूर, कडेला बायका. सूत्रसंचालक घसा खरवडून म्हणाला, की आपल्या मातीतला माणूस साता समुद्रापार गेला. हे गेले होते ढकांब्यापर्यंत. शाल आली, श्रीफळ आलं, फेटा बांधला. मग ह्यांच्या हातात माइक दिला.

हे बोलणारे नव्हेत. पण बोलले. "मंडळी, मला पेटंट मिळालेलं नाही," ते म्हणाले. "मी नुसता अर्ज केलाय. तो छापून आलाय. पेटंट एकेका देशाकडून मिळतं, ते मिळेल की नाही ते अजून ठरायचंय. तुम्ही आज माझा सत्कार करू नये, असं मला वाटतं. माझी चूक झाली."

मला इतका अभिमान वाटला आणि इतकी भीती वाटली, की मी शेजारी बसलेल्या वहिनीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात सूत्रसंचालकाने पुढे होऊन माइक काढून घेतला आणि गदगदून म्हणाला, "पाहा मंडळी! पाहा हा विनय! जगाने ज्यांना मानलं, ते म्हणतात मी काही नाही! यालाच म्हणतात मोठेपणा!"

अशा टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. मागचे लोक उठून उभे राहिले. आमच्याकडे स्टेजवर माणूस "मी काही केलं नाही" म्हणतो तो म्हणायचंच म्हणून म्हणतो, ही रीतच आहे. आजवर कोणी ते खरं म्हणून बोललेलं नव्हतं. हे पुन्हा माइक मागत होते, हात पुढे करत होते. त्या हातात कोणीतरी दुसरा नारळ दिला.

घरी आल्यावर ह्यांनी शालीची घडी जशीच्या तशी पिशवीत घातली आणि कपाटात ठेवली. मी म्हटलं, "राहू दे, बाहेर ठेवा, थंडीची उपयोगी येईल." तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "नको. ती अजून माझी नाही."

त्यानंतर सुरू झालं ते वाट बघणं. परदेशांची मुदत जवळ यायला लागली, तसा नकाशा रोज संध्याकाळी जमिनीवर पसरला जायचा. कोणत्या देशात जायचं? प्रत्येक ठिकाणी वेगळी फी, वेगळा वकील, कुठे त्यांच्या भाषेत भाषांतर. आमच्यासारख्या दोन नोकऱ्यांच्या घराला त्यातलं काय झेपणार? हे एकेक टिकली नखाने उचलायचे. आधी ऑस्ट्रेलिया गेला. इटली गेला. स्पेनची टिकली निघेना, कागदाचा पापुद्रा घेऊन आली. दक्षिण आफ्रिकेवर ते बरेच दिवस अडून होते. चिली शेवटचा. मी म्हटलं, "चिलीला ठेवा, माझ्या बांगड्या आहेत." ते म्हणाले, "चिलीत जाऊन मग कोण दाखवणार आहे? तू?" आणि टिकली काढली. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी इतकी आपटली, की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. मुदत गेली. जगातली सगळी दारं बिनआवाज मिटली. राहिला फक्त मुंबईच्या ऑफिसातला अर्ज.

नकाशा शाळेत परत नेला, तर पुढच्या तासाला एक मुलगी म्हणाली, "बाई, चिलीवर हा गोल डाग कसला?" मी म्हटलं, "तांब्याची खाण." तेही खोटं नव्हतं.

आणि मग दादा म्हणाला होता तेच झालं. पिंपळगावकडे कोणीतरी तसाच मग करून विकायला काढला. बिजागरी स्वस्तातली, नळी आखूड, पण मग तोच. दादा तो पिशवीत घालून इंदिरानगरला घेऊन आला आणि आमच्या टीपॉयवर ठेवला.

"दाजी, जगाचं पेटंट हाय ना आपल्याकडं? मंग धाडा की नोटीस! बसवा त्याला खाली!"

"दादा, पेटंट नाहीये," हे म्हणाले. "अर्ज आहे. अर्ज दाखवून कोर्टात जाता येत नाही. पेटंट हातात पडेपर्यंत मला काही करता येणार नाही."

"स्टेजवर बी तुम्ही हेच बोलले. म्हटलं साधा मानूस हे, विनय करतो." दादाचा चेहरा लाल झाला. "हा विनय नाय, दाजी. हे भेव हाय. मी सगळ्यांना सांगून बसलो, आता लोक मला इचारतात, कुठंय तुमच्या दाजींचं पेटंट म्हनून."

मी मध्ये पडले. माझ्या भावाला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आईचं नाव घेऊन बोलले, एवढं सांगते. तू फोटो मागितलास, तू फ्लेक्स लावलास, ते स्टेजवर खरं बोलले तेव्हा तूच पहिला उभा राहून टाळ्या वाजवल्यास. दादा चहा न घेता गेला. तो मग टीपॉयवरच राहिला. हे तो उचलून खिडकीपाशी घेऊन गेले आणि बराच वेळ उघडझाप करत बसले. "बिजागरी गंजेल ह्याची," म्हणाले.

त्या भाऊबीजेला दादा आला, ओवाळून घेतलं, जेवला. मगाचं नाव काढलं नाही. पुढच्या हंगामात त्याच्या बागेत ह्यांचे मग होते, पण ह्यांना कोणी बोलावलं नाही. हे कामावरून आले की खिडकीशी उभे राहायचे, पोस्टमन येऊन गेलेला असला तरी. मी म्हणायचे, "अहो, एक फोन करा ना मुंबईला." ते म्हणायचे, "फोनने काही होत नाही." मला त्यांचा हा शांतपणा सहन व्हायचा नाही. माणसाने निदान चिडावं. दरवर्षी थंडी आली, की शाल, स्वेटर आणि तेच वाक्य.

मुंबईहून हरकतींचा कागद आला तो इतक्या उशिरा, की मी त्याला घाबरण्याऐवजी खूशच झाले. निदान तिकडे कोणीतरी वाचत होतं. अर्जात ह्यांनी बरंच काही मागितलं होतं: घडाभोवती मिटणारा कुठलाही मग म्हणजे ह्यांचा. तपासनीसाचं म्हणणं, एवढं नाही मिळणार. एजंटबाई आणि हे फोनवर तासन्‌तास एकेक वाक्य खोडत बसायचे. मिटणं सोडलं, खटका सोडला, आणि शेवटी उरली ती उरलेलं औषध आधी परत नेणारी नळी आणि तिची ती विशिष्ट बसवण. मला वाटलं, हे तर चिलीसारखंच चाललंय, टिकल्या काढणं. पण हे खूश होते. "हेच तर खरं आहे माझं," म्हणाले. "बाकीचं डब्यासारखंच होतं." सुनावणीला मुंबईला एकटे गेले, तोच पांढरा शर्ट घालून, आणि परत येऊन एवढंच सांगितलं, की नीट ऐकून घेतलं.

पेटंट आलं ते मे महिन्यात. दुपारची उन्हं अशी, की कावळेसुद्धा गप्प. एक प्रमाणपत्र. भारताचा नंबर, भारताचा शिक्का, ह्यांचं नाव. यादी नाही, जगाचं बोधचिन्ह नाही. पहिल्या पुस्तकाच्या मानाने अंगाने किरकोळच. ह्यांनी या वेळीही हात धुतले. दोनदा वाचलं, आणि मग मला वाचायला लावलं, मोठ्याने. 'अर्ज' हा शब्द कुठे येतो का, ते दोघांनी बघितलं. आला तो फक्त तारखेपुरता.

मला गप्प कुठलं बसवतंय! पेढे आणले आणि शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांनी पेढा घेतला आणि चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "पण तुमच्या ह्यांचं जगाचं होतं ना गं? आता फक्त भारताचंच राहिलं?" आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे. होतं असं कधी कधी." माझ्या मैत्रिणीला फोन केला, ती म्हणाली, "त्याचा तर सत्कार झाला होता ना तुमच्याकडे?" वरातीमागून घोडं आलं होतं, आणि वरात केव्हाच जेवून घरी गेली होती. घरी येऊन मी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर आदळला आणि मला रडू आलं. इतकी वर्षं वाट बघायची आणि ती संपली तरी कोणाला कळू नये?

ह्यांनी दादाला फोन लावला. मी शेजारी उभी होते, दादाचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं.

"दादा, पेटंट मिळालं."

"मागचंच ना?"

"मागचं नव्हतं मिळालेलं. हे आत्ता मिळालं. भारताचं."

दादाकडे तोवर ट्रॅक्टरवरची नवी फवारणी आली होती. मगाचं काम निम्म्यावर आलं होतं, पिंपळगावचा तो माणूसही ते मग करायचा थांबला होता. नोटीस पाठवायला कोणी उरलंच नव्हतं. ही गोष्ट दादाला ठाऊक होती, ह्यांनाही.

"म्हंजे तवा स्टेजवर," दादा हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही खरं बोलत व्हते, दाजी?"

"हो."

"खरंच खरं?"

"हो, दादा."

मग दादा म्हणाला, "मला माफ करा, दाजी. त्या मंडपात तुम्ही एकलेच शुद्धीवर व्हते." आणि त्याला पुढे बोलता येईना, फोन वहिनीने घेतला.

ह्यांनी रिसीव्हर ठेवला. आतल्या खोलीत गेले. कपाटाचं दार कुरकुरलं, मग प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला. बाहेर आले ते अंगावर ती मरून शाल घेऊन, घडीच्या रेघा तशाच, डांबराच्या गोळ्यांचा वास. खुर्चीत बसले आणि दोन्ही टोकं गळ्याशी ओढून घेतली. मे महिना, दुपारचे तीन, कपाळावरून घाम निथळत होता.

मी म्हटलं, "अहो..." आणि पुढचं गिळलं. उठून पंखा पाचवर केला.